प्रयोगाचं मानधन पाठवत होतात, मग पुस्तकाचं?

एका वाचकाचं पत्र आलंय, थोडं आटोपशीर करून देते:

"ताई, सप्रेम नमस्कार. मी डिचोली तालुक्यातला निवृत्त शिक्षक. तेहतीस वर्षं सरकारी मराठी प्राथमिक शाळांत शिकवलं. गावच्या जत्रेतल्या नाटकांत कामं केली, पुढं नाटकं बसवलीही. २०२० च्या टाळेबंदीत व्हॉट्सअॅपवर वाचनाचा गट सुरू केला. आज त्यात १४० माणसं आहेत. रोज सकाळी मी एका पुस्तकाची पीडीएफ टाकतो. इतर गटांतून, टेलिग्रामवरून मिळतात तशा गोळा करतो. कुणाकडून एक पैसा घेत नाही. आमच्या गावात पुस्तकांचं दुकान नाही. म्हापशाला किंवा पणजीला जावं लागतं, तिथंही हवं ते मिळेलच असं नाही. बाहेरून मागवलं तर टपालखर्च वेगळा. या गटामुळं कितीतरी माणसं पुन्हा वाचायला लागली.

गेल्या महिन्यात पेडण्याचे एक लेखक गटात आले. त्यांनी दशावतारी कलावंतांवर पुस्तक लिहिलंय, निवृत्तीच्या पैशांतून पाचशे प्रती छापल्यात. साठेक खपल्या, बाकीचे खोके माळ्यावर आहेत, असं ते मागं एकदा बोलले होते. गटातल्याच कुणीतरी त्या पुस्तकाची पानं मोबाईलवर स्कॅन करून पीडीएफ टाकली. सगळ्यांनी भरभरून कौतुक केलं. लेखकांनी नुसतं हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्याच रात्री माझी एक जुनी विद्यार्थिनी, पणजीला बँकेत असते, 'मास्तर, हे बरोबर नाही. माफ करा' एवढं लिहून गटातून बाहेर पडली. तेव्हापासून मला झोप नाही. मी चोर आहे का? दिल्लीच्या कोर्टानं पुस्तकांच्या झेरॉक्सला परवानगी दिली असं एक जण सांगतो, ते खरं का? माझ्या एका मित्राला डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, छापील पुस्तक वाचताच येत नाही, टॅबवर अक्षर मोठं करून वाचतो. त्याचं काय? गट बंद करू का?"

मास्तर,

गट बंद करू नका. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. १४० माणसांना रोज सकाळी पुस्तकाची आठवण करून देणारा माणूस आजच्या दिवसांत सहज मिळत नाही. चोर हा शब्द तुम्ही स्वतःला लावलात, मी लावणार नाही. पण तुमची विद्यार्थिनी बरोबर बोलली आहे, आणि तुम्हाला झोप येत नाही याचा अर्थ तुम्हालाही ते पटलेलं आहे.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत जास्त लागलं ते त्या लेखकांनी जोडलेले हात. जरा त्यांच्या जागी बसून बघा. आयुष्यभराच्या शिलकीतून पुस्तक काढलं. घरात खोके पडून आहेत, बायकामुलं काही बोलत नाहीत पण खोके सगळ्यांना दिसतात. आणि एके संध्याकाळी मोबाईल उघडला तर आपलं अख्खं पुस्तक, मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत, १४० जणांच्या हातात फुकट गेलेलं. वरून "वा!", "अप्रतिम!", "अभिनंदन!". अशा वेळी माणूस काय बोलणार? "अहो, विकत घ्या ना" असं म्हणायची आपल्याकडे सोय नाही. कौतुक करणाऱ्यांपुढं पैशाची गोष्ट काढली तर हलका ठरतो. भिडेपोटी त्यांनी हात जोडले. तुमच्या गटानं त्याला संमती मानलं. त्या मुलीनं मात्र ते बरोबर वाचलं.

तुमचं म्हणणं असेल, त्या १४० जणांतल्या बहुतेकांनी ते पुस्तक एरवी घेतलंच नसतं. मान्य. पीडीएफ पोचली म्हणजे तेवढ्या प्रती बुडाल्या, हा हिशेब मलाही खोटा वाटतो. पण दहा जणांनी घेतलं असतं असं धरा. ज्याच्या साठच प्रती खपल्यात त्याच्यासाठी दहा म्हणजे किती, ते शिक्षकाला मी सांगायला नको.

मी म्हापशात चोवीस वर्षं लहानसं वाचनालय चालवलं. तिथं एक गोष्ट शिकले, ती या सगळ्या चर्चेत कुणी बोलत नाही. माझ्या टेबलावर एक जाड वही असायची. एखाद्या पुस्तकासाठी कुणी रांगेत असलं की त्यात नाव लिहायचं. चार नावं झाली की मी दुसरी प्रत मागवायची. एका कादंबरीच्या मी अशा पाच प्रती घेतल्या, कारण वहीतली नावं संपतच नव्हती. पाचवी मागवली तेव्हा प्रकाशकांचा फोन आला, "तुमच्याकडे एवढी चालतेय का? मग त्यांच्या पुढच्या पुस्तकाच्या वीस प्रती पाठवू का?" म्हणजे म्हापशातल्या माणसांनी नुसती वाट बघितली, आणि तिकडे कुणालातरी कळलं की इथं वाचणारे आहेत.

उसनं दिलेलं पुस्तक आणि पुढं पाठवलेली पीडीएफ यांत हा फरक आहे. उसनं दिलं की ते आपल्या कपाटातून जातं, परत येईपर्यंत दुसऱ्याला मिळत नाही. त्या वाट बघण्यातूनच दुसरी प्रत विकली जाते. पीडीएफसाठी कुणाला थांबावंच लागत नाही. तुमच्या गटात एखादं पुस्तक शंभर जणांनी वाचलं तरी त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. विक्रेत्याला वाटतं गोव्यात मागणी नाही, म्हणून तो माल ठेवत नाही. माल नाही म्हणून तुम्ही पीडीएफ शोधता. मास्तर, आपल्याकडे पुस्तकं येत नाहीत ही तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण तुमचा गट जसा आज चालतो, त्यानं ती तक्रार कायमची होईल. मला सगळ्यांत काळजी याची वाटते. आधीच मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशेची, अलीकडे कितीतरी पुस्तकांची पाचशेचीच. एवढ्या लहान संसारात शंभर वाचक दिसेनासे होणं परवडणारं नाही.

आता तुमच्याच अंगणातली गोष्ट काढते. तुम्ही जत्रेतली नाटकं बसवलीत. माझे वडीलही बसवायचे. छापील पुस्तक एकच असायचं, म्हणून ते रात्री कंदिलापाशी बसून प्रत्येकाची नक्कल उतरवून काढत. फुलस्केपचे कागद मधोमध दुमडलेले, नटाचं भाषण निळ्या शाईत, आणि त्याच्या आधीच्या माणसाचे शेवटचे दोन-तीन शब्द लाल शाईत, म्हणजे आपण कधी बोलायचं ते कळावं. दहा पात्रं असली तर दहा नकला. हा शब्दच नक्कल. तेव्हा नक्कल करणं वाईट, असं मी तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? पण त्या नाटकाच्या पुस्तकावर पहिल्याच पानावर छापलेलं असायचं की प्रयोगापूर्वी लेखकाची परवानगी घेणं आणि मानधन पाठवणं आवश्यक आहे. वडील आधी मनीऑर्डर करायचे. लेखकाचं पोस्टकार्ड आलं की ते देवघराच्या कोनाड्यात ठेवायचे आणि मगच तालमीचा नारळ फुटायचा. मंडळाकडे पडद्याच्या भाड्याला पैसे नसायचे, वर्गणीसाठी घरोघर फिरावं लागायचं. पण लेखकाचे पैसे त्या खर्चात धरलेले असत. एका वर्षी कार्ड आलं नाही, तर ठरलेलं नाटक बाजूला ठेवून दुसरं बसवलं.

तुमच्या मंडळातही हेच झालं असणार. मग नाटकाच्या लेखकाला जे देणं आपण लागत होतो, ते पेडण्याच्या लेखकाला का लागत नाही? मला वाटतं, कारण एवढंच की पीडीएफ आपल्यापर्यंत येताना तिच्यावर कुणाचा हातच दिसत नाही. अमक्या गटातून आली, तमक्या गटात गेली. पहिलं पान बहुधा गळलेलं असतं. मागणारा कुणी समोर नसतो. या वेळी तो समोर आला, म्हणून तुमची झोप उडाली. बाकीच्या पुस्तकांचे लेखक तुमच्या गटात नाहीत, एवढाच फरक.

कायद्याचं विचारलंत, ते थोडक्यात सांगते. दिल्लीच्या कोर्टाची गोष्ट खरी आहे, पण तुम्हाला सांगणारा ती अर्धी सांगतो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. अभ्यासक्रमासाठी वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं काढून त्यांचे संच करून विकले जात. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या बाजूनं कौल दिला, कारण शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेल्या प्रतींना १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. पुढं २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागं घेतला. मला तो निकाल मनापासून योग्य वाटतो. पण तुमचा गट हा वर्ग नाही, आणि कादंबरी हा अभ्यासक्रम नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी, समीक्षेसाठी मजकूर वापरायलाही कायदा मोकळीक देतो, पण १४० जणांना रोज अख्खं पुस्तक वाटणं त्यात बसत नाही. पैसे न घेतल्यानं गुन्हा पुसला जात नाही. शिक्षा किमान सहा महिने आणि ५० हजारांपासून पुढं दंड अशी आहे, धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय ती कमी करू शकतं, इतकंच. टेलिग्रामवर आपण दिसत नाही असं समजू नका. २०२२ मध्ये दिल्लीच्याच एका शिक्षिकेनं आपली पुस्तकं तिथं फुकट वाटली जातात म्हणून दाद मागितली, तेव्हा उच्च न्यायालयानं वाटणाऱ्यांची माहिती उघड करायला लावली. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. पोलिसाच्या भीतीनं तुम्ही थांबावं अशी माझी इच्छाच नाही.

डोळ्यांचा आजार असलेल्या तुमच्या मित्राची गोष्ट मात्र सरळ वेगळी आहे, आणि तिथं तुम्ही बिलकुल संकोच करू नका. ज्याला अपंगत्वामुळं छापील पुस्तक वाचता येत नाही, त्याच्यासाठी त्याला वाचता येईल अशी प्रत करायला २०१२ च्या दुरुस्तीनं कायदाच परवानगी देतो. त्यासाठी झालेला मराकेशचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं २०१४ मध्ये सगळ्या देशांच्या आधी मंजूर केला. ती प्रत त्यांच्यासाठी आहे, त्यांच्यापाशीच राहू द्या. आणि 'सुगम्य पुस्तकालय' नावाचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून खास अशा वाचकांसाठी चालतं, अनेक भारतीय भाषांतली पुस्तकं तिथं आहेत. त्यांचं नाव तिथं नोंदवून द्या. एका दुपारचं काम आहे.

मग रोज सकाळी गटात काय टाकायचं? पुष्कळ आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालतो. त्यानंतर ते पुस्तक सगळ्यांचं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणीही छापावीत, कुणीही वाटावीत. आपल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९४७ मध्ये गेले, त्यांचं मराठी लेखनही आता मोकळं आहे, आणि आपल्या किती गोंयकारांनी ते वाचलंय? केशवसुत, बालकवी, गडकरी, हरिभाऊ आपटे सगळे मोकळे. मराठी विकिस्रोतावर त्यातलं बरंच मिळतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपले कितीतरी ग्रंथ स्वतःच संकेतस्थळावर उतरवून घ्यायला ठेवलेत, मराठी विश्वकोश आहे. बोरकर मात्र १९८४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांचा हक्क २०४४ अखेरपर्यंत आहे. त्यांची एखादी कविता गटात म्हणून दाखवा, चार ओळींवर बोला, संग्रहाची अख्खी पीडीएफ टाकू नका. एक ध्यानात ठेवा, जुन्या पुस्तकाला नव्या माणसाची प्रस्तावना असली किंवा नव्यानं केलेला अनुवाद असला, तर तेवढ्या भागाचा हक्क वेगळा मोजायचा.

खरी अडचण मधल्या पुस्तकांची आहे. हक्क संपलेला नाही, पण पुस्तक कुठंच मिळत नाही. प्रकाशन बंद पडलेलं, लेखकाचे वारस कुठं आहेत कुणाला ठाऊक नाही. इथं मी कठोर होणार नाही. एम. ए. च्या वेळी मला हवा असलेला एक संशोधनग्रंथ पंधरा वर्षं बाजारात नव्हता, मी ग्रंथालयातली प्रत संपूर्ण झेरॉक्स करून घेतली. त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटतं की पुढं नवी आवृत्ती निघाली तेव्हा मी ती घेतली नाही. झेरॉक्स होती ना घरात. ती आवृत्ती मी गेल्या वर्षी, फार उशिरा, शोधून घेतली. तोवर लेखक हयात नव्हते.

आणि आपण गोव्याची माणसं, नकलेनं पुस्तक कसं तगतं हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार? फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, पुढं आणखी दोनदा छापलं. त्या छापील प्रतींपैकी आज एकही हाती नाही. लोकांनी हातानं उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळं ते मराठी काव्य आपल्यापर्यंत आलं. म्हणून जे पुस्तक मरणाच्या दारात आहे, त्याची प्रत करणाऱ्याला मी नमस्कारच करीन. कायद्यानंही त्याची सोय ठेवली आहे: जे पुस्तक देशात विकत मिळत नाही, त्याच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालय स्वतःसाठी करून ठेवू शकतं. तुम्हाला असं दुर्मीळ काही सापडलं तर ते गटात उधळण्याआधी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात घेऊन जा. १८३२ पासूनची ती संस्था आहे, पुस्तक तिथं जास्त सुरक्षित राहील. आणि वारसांचा पत्ता लागला तर विचारा. मी वाचनालयासाठी चार-पाच वेळा असं विचारलं आहे. एकदाच नकार आला. एका लेखिकेच्या मुलानं तर आईचं पुस्तक कुणाला तरी हवंय म्हणून फोनवर रडून घेतलं.

पण पेडण्याच्या त्या माळ्यावर चारशेच्या वर प्रती पडल्यात. त्या पुस्तकाला वाचवायची गरज नाही, त्याला गिऱ्हाईक हवंय.

तेव्हा पहिली गोष्ट, ती पीडीएफ काढून टाका आणि का काढली ते गटात स्वतःच्या नावानं लिहा. "हे पुस्तक आपल्यातल्याच लेखकाचं आहे, ते विकत मिळतं, मी ते इथं राहू द्यायला नको होतं," एवढं पुरे. ज्यानं स्कॅन केलं त्याचं नाव घेऊ नका; त्यानं प्रेमानंच पानं उलटली असतील. दोन-चार जण नाराज होतील, कुणी म्हणेल मास्तरांना आता शहाणपण सुचलं. ऐकून घ्या. मग सांगा की हे पुस्तक ज्यांना हवं त्यांनी नाव द्यावं, मी स्वतः आणून देईन, आणि ज्यांना किंमत जड वाटते त्यांनी तिघांत मिळून एक घ्यावं. बाकीच्या नव्या पुस्तकांचंही असंच करता येईल. महिन्याला एक पुस्तक ठरवा, वीस जणांची मागणी एकत्र करून एकदाच मागवा. टपालखर्च वाटला जातो, विक्रेता बहुतेक वेळा सूटही देतो. ज्यांना पडद्यावरच वाचायचंय त्यांना बुकगंगासारख्या ठिकाणी अधिकृत ई-पुस्तक घ्यायला शिकवा. हे शिकवणं तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमणार नाही. रोज सकाळी आयतं पुस्तक येणार नाही म्हणून काही जण गट सोडतील, हे धरून चाला. पन्नास राहिले तरी ते वाचणारे असतील.

त्या मुलीला गटावर नको, फोन करून सांगा. ती वाईट वाटून घेऊन गेली आहे, तुमच्यावर चिडून नव्हे. नाहीतर "माफ करा" लिहिलं नसतं. आपल्या मास्तरांना असं सांगायला तिला किती बळ गोळा करावं लागलं असेल. तिला परत बोलवा आणि तिच्याकडे वही द्या. पणजीला असते, तर कुठल्या पुस्तकाला किती नावं आली, कुणाकडे ते मिळतं, ग्रंथालयात आहे का, हे ती बघेल.

पेडण्याला तुम्ही स्वतःच जा, आणि नावं गोळा झाल्यावर जा. आधी फोन करा, म्हणजे ते माळ्यावरचा खोका खाली काढून ठेवतील. छापील किमतीवर सूट मागू नका. आणि पिशवी मोठी न्या.